कोणी कोणाला

सरांनी कोऱ्या कागदावर आधी एक भोपळा काढला. त्याला दोन कान चिकटवले, मिटलेल्या डोळ्यांच्या दोन रेघा मारल्या आणि खाली भलंमोठं उघडं तोंड काढलं. तोंडाच्या कडेला एक थेंब सोडला आणि कागद वर्गासमोर धरला.

"कोण आहे हा?"

चौथीच्या वर्गात कुजबुज झाली. कोणी ओठ चावले, कोणी शेजाऱ्याला कोपर मारलं. शेवटी पहिल्या बाकावरून हळूच आवाज आला,

"तुम्ही?"

"मीच. झोपलोय. लाळ गळतेय." सरांनी थेंबाकडे बोट दाखवलं. "हसा आता."

परवानगी मिळाल्यावर मुलं जरा जास्तच हसली. सर थांबून राहिले. हसणं ओसरलं, तशी एकेकाची नजर खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकाकडे गेली आणि लगेच परत आली. त्या बाकावरची एक जागा चार दिवस रिकामी होती.

झालं होतं ते असं. त्या जागेवर बसणाऱ्या मुलीचा एक फोटो कोणीतरी फिरवला होता. संगणकाच्या खोलीत कीबोर्डवर गाल टेकून ती झोपलेली, तोंड उघडं, ओठाजवळ लाळेचा धागा. शेजारी कोणीतरी बेडकाचं चित्र डकवलं होतं. शाळेत फोन आणायला मुलांना बंदी होती. पण घरी आईचा फोन होता, बाबांचा होता, दादाचा होता. संध्याकाळी सहा ते आठ या दोन तासांत फोटो घरोघरी पाहुणचार घेऊन आला. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली आणि अर्ध्या तासात पोट दुखतंय म्हणून घरी गेली, ती पुन्हा आलीच नाही. मोठ्या बाईंनी चौथीची सगळी दप्तरं तपासली. फोन सापडला नाही. कोणी तोंड उघडलं नाही. मग त्यांनी संगणकाच्या सरांना बोलावून घेतलं.

"इंटरनेटच्या सुरक्षिततेचा तास घ्या. चांगला कडक घ्या."

तो तास सर सहा वर्षं घेत आले होते. पडद्यावर एकामागून एक पाच नियम येत आणि मुलं ते पाढ्याच्या चालीत म्हणत. आज सकाळीही त्यांनी म्हटले होते. 'नियम दुसरा, कोणाचा फोटो, न विचारता, काढू नये, टाकू नये, पाठवू नये.' चाल इतकी पक्की बसली होती, की कोणीही कुठेही अडखळलं नाही. ज्या दिवशी तो फोटो फिरला त्याच्या दोनच दिवस आधी याच मुलांनी याच चालीत हाच नियम म्हटला होता. सरांनी प्रोजेक्टर बंद केला आणि टेबलावरचा कागद ओढून भोपळा काढायला घेतला तो त्यामुळे.

"हे चित्र मी दोघांना देणार आहे," ते आता म्हणाले. "ज्याच्या हातात येईल त्यानं बघून तशीच आणखी दोन काढायची आणि दोघांना द्यायची. शाळेत द्या, घरी द्या, कुठेही. उद्या सकाळपर्यंत वेळ. ज्याला नको वाटेल त्यानं काढू नये, जबरदस्ती नाही."

"मोठ्या माणसांना दिलं तर चालेल?"

"चालेल."

"दोनापेक्षा जास्त दिली तर?"

सरांनी क्षणभर विचार केला. "खऱ्या आयुष्यात कोण अडवतं?"

मधल्या सुट्टीत त्यांनी मोठ्या बाईंना सांगितलं, की पंचवीस-तीस चित्रं होतील फार तर, मुलं कंटाळतील. त्यांना वाटलं होतं, उद्या तीस कागद मोजून दाखवू, धडा समजेल, संपलं.

मधली सुट्टी संपायच्या आत पाण्याच्या टाकीवर एक चित्र चिकटलेलं दिसलं. तिसरीतून दोन आली. दुसरीच्या बाई हसू दाबत समोरून गेल्या. बालवर्गातल्या एका मुलीनं सरांची पँट ओढून स्वतःचा कागद दाखवला. त्यावर फक्त एक मोठं भोक होतं आणि त्याभोवती किरण. "सूर्य आहे," ती म्हणाली. पाचव्या-सहाव्या नकलेला चेहरा पार बदलला होता. कान गळाले, मिशा आल्या, लाळेच्या थेंबाचं तळं झालं आणि तळ्यात मासे आले. शाळा सुटताना बसच्या पुढच्या काचेवर आतून एक लावलेलं होतं. त्याखाली टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'एंटरसर झोपले. कोणीतरी एस्केप दाबा.'

आपल्याला मुलं एंटरसर म्हणतात हे सरांना त्या काचेवरून कळलं. बटण कुठलंही असो, दाबायला सांगताना ते 'एंटर मारा' म्हणत, हे खरंच होतं. त्यांना हसू आलं. मग त्यांनी मागे वळून पाहिलं, कोणी आपल्याला हे वाचताना बघतंय का म्हणून. चित्र त्यांनी स्वतः काढलं होतं, फिरवायलाही स्वतः सांगितलं होतं, तरी मान वळलीच. कोपऱ्यावरच्या वह्या-पेनांच्या दुकानात गेले तर दुकानदारीण म्हणाली, "या सर. झोप झाली का?" आणि गल्ल्याशेजारी टाचणीनं लावलेला कागद दाखवला. तो तिथे कोणी आणला, हे तिलाही आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर वर्गाला म्हणाले, "आता सगळी परत आणा. एकही बाहेर राहता कामा नये."

मुलं सुटली ती चहूकडे. सात जणांनी सात वेळा तिसरीच्या वर्गात जाऊन तोच प्रश्न विचारला, तेव्हा तिसरीच्या बाईंनी आतून कडी लावली. तासाभरानं टेबलावर चाळीस कागद जमले आणि दोघांचं भांडण जुंपलं. किती राहिले ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

या सगळ्या वेळात एक मुलगी जागेवरून हलली नव्हती. तिचे वडील शाळेची बस चालवत. हजेरीत तिचा नंबर अकरा. ती उठली आणि फळ्यापाशी आली.

"सर, असं धावून नाही सापडणार. आधी कोणी कोणाला दिलं ते काढू या."

"काढ."

तिनं वर मधोमध 'सर' लिहिलं आणि तिथून दोन रेघा खाली सोडल्या. "बाबांच्याकडे बसच्या मार्गाचा नकाशा असतो. तसं." रेघेच्या टोकाशी खडू थांबला. "नावं लिहू?"

"नावं नकोत. हजेरीचे नंबर लिही."

एकेक जण येऊन सांगू लागला. मी सहाला दिलं आणि बावीसला. मी घरी ताईला. ताईचा नंबर नव्हता, म्हणून 'नऊची ताई' असं लिहिलं गेलं. मुलीनं आपणहून खुणाही ठरवल्या. ज्यानं पुढे कोणालाच दिलं नाही, त्याच्या नंबराभोवती गोल. जिथून पुढे काय झालं ते ठाऊक नाही, तिथे प्रश्नचिन्ह. गोल लवकर नजरेत येत नव्हते, रेघाच दिसत. एकातून दोन, दोनातून चार, कुठे एकातून सहा. फळ्याच्या खालच्या अंगाला तर जागा पुरेना, म्हणून उंच मुलं वर वळवून लिहू लागली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत फळा भरला, आणि मग मुलं पुन्हा बाहेर पडली, पण या वेळी चालत, हातात नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या घेऊन, ज्याच्याकडे जायचं त्याच्याकडेच.

सर शेवटच्या बाकावर जाऊन बसले. या प्रकारच्या आकृतीला कॉलेजात एक भारदस्त नाव होतं. ती समजायला त्यांना स्वतःला एक अख्खं सत्र लागलं होतं आणि परीक्षेत त्यावर चुकीचं उत्तर लिहिल्याचंही त्यांना आठवत होतं. इथे साडेनऊ वर्षांची मुलगी बसच्या नकाशावरून ती काढून मोकळी झाली होती आणि आता खडूनं भरलेले हात फ्रॉकला पुसत होती. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फळा तसाच होता.

संध्याकाळी हिशेब लागला. फळ्यावर एकशे शेहेचाळीस. परत आली एकशे एकवीस. एकाची होडी झाली होती आणि ती गटारातून गेली होती. एक चित्र कोणाच्या तरी मामाच्या खिशातून दुसऱ्या गावी गेलं होतं. बालवर्गातल्या सूर्याचा एक कोपरा खाल्लेला होता.

"पंचवीस राहिली," अकरा नंबर म्हणाली.

"ती आता येतील का?" सरांनी विचारलं.

घंटा झाली तरी मुलं जरा वेळ बसून राहिली. फळा पुसायची ज्याची पाळी होती त्यानं डस्टर उचललं नाही, आणि सरांनीही त्याला उचलायला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर वर्गात शिरले तेव्हा मुलं त्यांच्या आधी आलेली होती. नेहमीचा कलकलाट नव्हता. चौथीच्या वर्गाला शेजारी शेजारी दोन फळे होते. डाव्या फळ्यावर कालची आकृती होती. उजवा काल कोरा होता. आज त्यावर मधूनच कुठूनतरी सुरू झालेल्या तीन रेघा होत्या. वर काहीच लिहिलेलं नव्हतं. अकरा नंबर खडू घेऊन उभी होती.

"हे काय?"

"हे दुसरं आहे सर," ती म्हणाली. "खऱ्याचं."

सरांनी जवळ जाऊन पाहिलं. सहाकडून एक रेघ अकराकडे आली होती. अकराकडून दोन रेघा निघाल्या होत्या, एक चौदाकडे आणि एक 'अकराची मावशी' हिच्याकडे. तिनं पहिल्यांदा स्वतःला लिहिलं होतं.

"तुला कोणी सांगितलं हे काढायला?"

"कोणी नाही." ती खडूकडे बघत म्हणाली. "काल रात्री झोपताना वाटलं, की तेही असंच गेलं असेल."

सर टेबलाशी जाऊन उभे राहिले. काही बोलावं असं त्यांना वाटलं, पण जे सुचत होतं ते पाच नियमांपैकी एखाद्यासारखंच लागत होतं. सहा नंबर उठला, फळ्याशी गेला, आपल्यापासून तीन रेघा मारून आला. मग चौदा. मग एक मुलगी गेली, लिहून जागेवर आली, बसली, पुन्हा उठली आणि आणखी दोन रेघा मारून आली. कोणी कोणाकडे बोट दाखवत नव्हतं. जो उठे तो फक्त आपल्या रेघा काढी, आला तिथून आणि गेला तिथे; त्या जिथे जात, तिथला उठे. ज्यांनी कोणाला पाठवला नव्हता तेही येत आणि आपल्या नंबराभोवती गोल काढून जात. त्यांचा गोल काढतानाही चेहरा तसाच उतरलेला असे, कारण बघितला तर त्यांनीही होता.

एकतीस नंबरनं आपल्या रेघेच्या टोकाला 'एकतीसची आजी' लिहिलं आणि गोल काढला.

"तुझ्या आजीला पुढे पाठवता येत नसेल," मागून कोणीतरी म्हणालं.

"येतं तिला. रोज सकाळी सगळ्यांना फुलं पाठवते ती." त्यानं गोल आणखी जाड केला. "हा नाही पाठवला."

मधल्या सुट्टीत दारात तिसरीची आठ-दहा मुलं येऊन उभी राहिली. आत येईनात. सरांनी विचारलं तेव्हा पुढची मुलगी म्हणाली, "आम्हाला पण लिहायचंय." खडू त्यांच्या हातात गेला. उंची पुरत नव्हती, म्हणून चौथीतल्या एकानं खुर्ची सरकवून दिली. त्यांच्यामागून शिपाईमामा आले. हातातली पाण्याची बादली त्यांनी दाराबाहेर ठेवली.

"सर, माझ्या फोनवर आला होता. मी कोणाला पाठवला नाही, पण बायकोला दाखवला. दाखवला तर ते धरायचं का?"

सरांनी वर्गाकडे पाहिलं. वर्गानं एकमेकांकडे पाहिलं. थोडी खलबतं झाली.

"दाखवला तर तुटक रेघ," अकरा नंबरनं निवाडा दिला.

मग 'शिपाईमामा' या अक्षरांपासून 'मामी' पर्यंत तुटक रेघ गेली, आणि लगेच सात-आठ मुलं पुन्हा उठली, कारण दाखवला तर त्यांनीही होता.

सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांचा हात कधीतरी छातीवरच्या खिशापाशी गेला होता आणि तिथेच राहिला होता. पन्नास-साठ माणसं, त्यातली बरीचशी दहा वर्षांच्या आतली, कोणी हाक मारलेली नसताना एकेक करून पुढे येत होती आणि आपलं लिहून जात होती. दप्तरं तपासून जे निघालं नव्हतं ते खडूनं निघत होतं. फक्त खडूचा आवाज येत होता.

दुपारपर्यंत सगळ्या रेघा वर जाऊन एका नंबराशी मिळाल्या. सत्तावीस.

सत्तावीस नंबर म्हणजे संगणकाच्या तासाला सर्वांत पुढे असणारा मुलगा. सरांनी कुठलंही नवं बटण दाखवावं आणि ते त्याला आधीच माहीत असावं. तो सकाळपासून उठला नव्हता. आता उठला, फळ्याशी आला, स्वतःपासून खाली गेलेल्या पाच रेघा त्यानं बघितल्या. त्या बरोबर होत्या.

"तुला कोणी पाठवला?" अकरा नंबरनं विचारलं.

"कोणी नाही. मी कापला. बेडूक पण मीच लावला."

"कशातून कापला?"

"मोठा फोटो होता. सगळ्या वर्गाचा." तो जमिनीकडे बघत होता. "शाळेच्या ग्रुपवर."

"शाळेच्या ग्रुपवर कोणी..." एवढं बोलून अकरा नंबर थांबली. वर गेलेला तिचा खडूचा हात हळूहळू खाली आला.

सरांनी खिशातून फोन काढला. पालकांच्या ग्रुपवर पंधरवड्यापूर्वीचा फोटो शोधायला वेळ लागला नाही. नवे संगणक बसवले त्या दिवशीचा. वीस पडदे उजळलेले, चाळीस मुलांच्या माना झुकलेल्या. खाली त्यांनीच लिहिलेली ओळ, 'आमची नवी संगणक खोली. उद्याची तयारी.' त्याला चौऱ्याऐंशी अंगठे मिळाले होते. त्या रात्री त्यांनी ते दोनदा मोजले होते. आता त्यांनी दोन बोटांनी चित्राचा डावा कोपरा मोठा केला. खिडकी आली. खिडकीखालचा पडदा आला. पडद्यासमोर कीबोर्डवर टेकलेला गाल आला.

पंधरवड्यात हा फोटो त्यांनी कितीदा तरी पाहिला होता. त्यात ती मुलगी होती हे त्यांना माहीत नव्हतं.

फोन खिशात ठेवून ते फळ्याशी गेले. सत्तावीसच्या वर रेघ ओढली आणि खडू तिथे टेकवला.

"सर," वर्गप्रमुख मुलगी चाचरत म्हणाली, "तुमचा हजेरी नंबर काय लिहायचा?"

सरांना नंबर नव्हता. त्यांनी लिहिलं, 'एंटरसर'.

मागच्या बाकावर कोणाचं तरी हसू फुटलं आणि तिथेच विझलं. "मी आज तिच्या घरी जातोय," सर म्हणाले. सत्तावीस नंबर त्या अक्षरांकडे बघत होता.

"सर, तिच्या घरी मी पण येऊ?"

"तू उद्या जा. आज माझी पाळी."

मोठ्या बाईंना त्यांनी आधी सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आणि मी दप्तरं तपासली," त्या एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "पहिला अंगठा माझाच होता त्या फोटोला." सर दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी हाक मारून सांगितलं, "तो फळा पुसू देऊ नका कोणाला."

मुलीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार आईनं उघडलं. तिच्या खांद्यावर दोन महिन्यांचं बाळ होतं आणि तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. आत दोरीवर लंगोट वाळत होते. एकाच खोलीत चौघं झोपत असणार आणि त्यातला एक जण बाकीच्या तिघांना झोपू देत नसणार, हे कळायला सरांना काही विचारावं लागलं नाही. मुलगी पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"तो फोटो मी काढला होता," सर उभ्या उभ्याच म्हणाले. "वर्गाचा म्हणून. तुला विचारलं नाही. कोणालाच विचारलं नाही. तू त्यात आहेस हे मला दिसलंही नाही. आज दिसलं."

आईनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिचा चेहरा कठीण झाला. पण ती बोलायच्या आधी मुलगीच बोलली.

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?" आई म्हणाली.

"सरांनी काढला ते. मोठ्या फोटोत कोपऱ्यात त्यांचं बोट आलंय."

"आणि मला नाही बोललीस? मी इतके दिवस विचारतेय."

मुलगी पलंगपोसाचा धागा ओढत राहिली. "तू शाळेत जाऊन भांडली असतीस. मग कॉम्प्युटरचा तास बंद झाला असता."

आईनं सरांकडे पाहिलं. बाळानं उसासा टाकला.

"मला माफ कर," सर म्हणाले. "ग्रुपवरचा मी काढून टाकलाय. पण तो आता बाकीच्यांकडे आहे. ते सगळं मला परत आणता येणार नाही."

"किती जणांकडे गेला?" मुलीनं विचारलं.

खोटं बोलायचं नाही असं सर जिना चढतानाच ठरवून आले होते. "दोनशे सहा. आम्हाला कळले तेवढे."

"कोणी मोजले?"

"त्यांनीच. ज्यांच्याकडे गेला त्यांनी. फळ्यावर लिहिलंय सगळं."

मुलीनं धागा सोडला. "स्वतःचं स्वतः लिहिलं?"

"हो."

तिनं गुडघे सोडले. मग पलंगावरून उतरली आणि चपला शोधू लागली. "मला बघायचंय."

शाळा सुटून गेली होती. शिपाईमामांनी वर्गाचं कुलूप काढलं आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. पाच वाजताचं ऊन तिरपं होऊन फळ्यावर आलं होतं. आई बाळाला घेऊन दाराशी थांबली. सर तिच्या शेजारी. वाटेत त्यांनी काही वाक्यं मनाशी जुळवली होती. मुलगी रडली तर काय म्हणायचं, तिनं फळा पुसून टाका म्हटलं तर काय म्हणायचं. मुलगी एकटी पुढे गेली.

फळ्यासमोर ती फार लहान दिसत होती. आकृती तिच्या डोक्याच्या कितीतरी वर सुरू होऊन पायापर्यंत आली होती, आणि जिथे फळा संपला होता तिथे भिंतीवरही चार-पाच रेघा गेल्या होत्या. मान वर करून ती वरपासून बघू लागली. 'एंटरसर' वाचलं, मागे वळून एकदा सरांकडे पाहिलं. सत्तावीस वाचला. मग बोट हवेत धरून, फळ्याला न लावता, ती एकेका रेघेवरून खाली उतरू लागली. कुठे थांबे, परत वर जाई, दुसऱ्या रेघेनं उतरे. घाई नव्हती तिला.

"ही तुटक कशाला?"

"नुसता दाखवला त्याची," शिपाईमामा म्हणाले आणि खाली बघू लागले.

"आणि हे गोल?"

"ज्यांनी पुढे पाठवला नाही त्यांचे," सर म्हणाले.

तिचं बोट थांबलं. ती दोन पावलं मागे आली, जिथून सगळा फळा एकदम दिसेल अशी. आणि सरांच्या लक्षात आलं, की ती आता रेघा बघतच नाहीये. तिचे ओठ हलत होते. त्यांनी दुपारपासून दोनशे सहा मोजले होते, पुन्हा पुन्हा. गोल किती हे त्यांनी मोजलं नव्हतं.

"एकोणीस," ती म्हणाली. मग पुन्हा जवळ गेली. "एकतीसची आजी. सोळा. पाच. सोळा माझ्याशी बोलत पण नाही." ती खालच्या कोपऱ्याशी वाकली, वर 'तिसरी' असं लिहिलेला एक वेडावाकडा आकडा तिथे शेजारच्या रेघेतून येऊन अडकला होता. "हा तिसरीतला नऊ कोण?"

"तो नाही का बुटका," शिपाईमामा म्हणाले, "ज्याच्या बुटाची लेस कायम सुटलेली असते."

"मी त्याला ओळखत नाही."

ती त्या नऊकडे बघत उकिडवी बसून राहिली. दाराशी उभ्या असलेल्या आईनं बाळाच्या पाठीवर थोपटायचं थांबवलं होतं आणि तेही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

मग मुलगी उठली आणि फळ्याखालच्या पट्टीवरून खडूचा तुकडा उचलला. फळ्यावर काहीतरी शोधलं. चौदापाशी आली, तिथून 'चौदाची आई' पाशी. त्या अक्षरांच्या पुढे प्रश्नचिन्ह होतं.

"यांनी आमच्या आईच्या फोनवर पाठवला होता. 'ही तुमचीच ना' असं लिहून. मीच उघडला."

तिनं प्रश्नचिन्ह बोटानं पुसलं. तिथून एक रेघ खाली ओढली आणि टोकाला आपला नंबर लिहिला, तेहतीस. तो नीट बघितला. मग त्याच्याभोवती गोल काढायला घेतला, सावकाश, सुरुवात आणि शेवट बरोबर एकमेकांना मिळतील असा.